स्वभावाची उत्तरपत्रिका कुणी दाखवणार का?

यंदाच्या प्लेसमेंटच्या हंगामात आमच्याकडे, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांमध्ये, एका गोष्टीवरून चांगलीच जुंपली आहे. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या गणित-इंग्रजीच्या पेपरनंतर आणि मुलाखतीच्या आधी पर्सनॅलिटी टेस्ट लावतात. पडद्यावर एकामागून एक विधानं येतात. प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच गोल, त्यातला एक निवडायचा आणि पुढे जायचं. पेपरात उत्तम गुण मिळवलेली काही मुलं इथे गळतात आणि का गळली ते ना त्यांना कळत, ना आम्हा शिक्षकांना. एक बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे, रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य आहे. दुसरी म्हणते, हे शास्त्र आहे, जगभर चालतं, आपली पोरंच बुजरी आहेत, त्यांना बोलायला शिकवा. दोघंही चुकीच्या जागी भांडताहेत असं मला वाटतं. स्वभाव मोजता येतो का, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे आणि ‘थोडाफार येतो’ हे त्याचं उत्तर आहे. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या निकालाचं कारण सांगितलं जात नाही आणि ज्यावर उमेदवाराला एक शब्दही बोलता येत नाही, त्या निकालावर कुणाची नोकरी नाकारावी का? नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलाखतीत बोलायला एक धागा म्हणून ही चाचणी खुशाल ठेवा. दाराशी चाळणी म्हणून लावू नका.

आधी थोतांड म्हणणाऱ्यांचं पाहू, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते सगळ्यांना एकाच काठीने हाकतात. माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करणारी मायर्स-ब्रिग्ज ही चाचणी जगात सर्वांत गाजलेली. कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या स्वभावप्रकारांच्या कल्पनेवरून ती कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बेतली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीनेही घेतलेलं नव्हतं. ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरणं नैतिक नाही, असं तिचे प्रसारकच सांगतात, तरी ती भरतीत वापरली जाते. असल्या निकालांवर लोकांचा विश्वास का बसतो, तेही जुनंच कोडं आहे आणि ते सुटलेलं आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला ‘तुझा निकाल’ म्हणून एक वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

तरीही सगळ्याच चाचण्या अशा नाहीत, हे मान्य करायला हवं. ज्याला अभ्यासक पंचघटक प्रारूप म्हणतात, त्यातले पाच गुण (नव्याची ओढ, कामातली चोखाई, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थैर्य) बऱ्याच देशांत, बऱ्याच भाषांत तपासले गेले आहेत. बॅरिक आणि माउंट या दोघांनी १९९१ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की यातली चोखाई, म्हणजे हाती घेतलेलं काम नीट आणि वेळेवर तडीस नेण्याची सवय, जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी जोडलेली आढळते. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण ती जोड किती घट्ट? पूर्ण मेळ असला तर हा आकडा १ येतो, काहीच मेळ नसला तर ०. चोखाईसाठी तो ०.२२ च्या आसपास आला. त्याचा वर्ग केला तर जेमतेम ०.०५ भरतो. म्हणजे एक माणूस कामात सरस ठरतो आणि दुसरा कमी पडतो, या फरकातला शंभरपैकी पाच हिस्से इतकाच भाग या गुणाच्या खात्यावर जमा होतो. उरलेल्या पंचाण्णवात कौशल्य येतं, शिकवणारा येतो, साहेब येतो, पगार येतो, घरचं आजारपण येतं, नशीबही येतं. यावर कंपनीवाले म्हणतील, आम्ही एकाच वेळी हजारो माणसं घेतो, तेवढ्या पाच हिश्शांनीही आमचा फायदा होतो. बरोबर आहे, होतो. कंपनीला सरासरीने भागतं. पण गाळला जातो तो माणूस सरासरी नसतो, एकटा असतो. त्याच्याबाबतीत अंदाज चुकला तर त्या चुकीची किंमत कंपनी मोजत नाही, तो मोजतो.

चाचणीची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र दुसराच आहे, आणि तो मला खरोखर अस्वस्थ करतो. ते म्हणतात, चाचणी काढून टाकली तर उरतं काय? मुलाखत. आणि मुलाखतीत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही का? आडनाव ऐकून बदललेले चेहरे, ‘कुणाच्या ओळखीने आलास?’ हा प्रश्न, अहिराणी हेल कानावर पडताच आलेलं हसू. पाच गोलांना आडनाव कळत नाही, वशिला चालत नाही. हे बोलणं पोकळ नाही. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातून शिकून आलेल्या पावरा आदिवासी मुलाला मुलाखतीच्या खोलीत काय सोसावं लागतं, ते त्याच्यासोबत बाकड्यावर बसलेल्यालाच कळतं. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या, त्यामागेही हेच कारण होतं: मुलाखतीच्या गुणांआड काय दडतं ते सगळ्यांना माहीत होतं. पण सरकारने मुलाखतीच्या जागी काय ठेवलं ते पाहा. लेखी परीक्षा ठेवली. तिची उत्तरतालिका जाहीर होते, तिच्यावर हरकत घेता येते, गुण पाहता येतात. २०११ साली तर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते. वशिल्यावरचा उतारा उजेड हा होता. स्वभावचाचणीत तो उजेडच नाही. कोणत्या उत्तराला किती वजन, उंबरठा कुठे ठेवला, कोणत्या पदासाठी कोणता स्वभाव ‘योग्य’ धरला, हे सगळं कंपनीच्या किंवा तिने नेमलेल्या एजन्सीच्या पोटात. मुलाखतीतला पक्षपात निदान तोंडावर होतो, त्याचा राग तरी धरता येतो. इथे तो झाला की नाही हेच कळत नाही.

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अशी एक चाचणी चालू असताना मी देखरेखीला उभी होते. पडद्यावर सुरुवातीलाच लिहिलेलं होतं की यात बरोबर-चूक असं काही नाही, मनात येईल ते उत्तर द्या. पारोळा तालुक्यातला एक मुलगा ‘मोठ्या गटात मी स्वतःहून पुढाकार घेतो’ या विधानापाशी बराच वेळ थांबला. माउस एका गोलावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. शेवटी त्याने हळूच विचारलं, “मॅडम, यात बरोबर उत्तर कोणतं?” मी नियमाप्रमाणे सांगितलं, तुला जे खरं वाटतं ते. त्याने ‘असहमत’ निवडलं. हा मुलगा मला माहीत होता. गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की घरोघर वर्गणी गोळा करायची, वीज कंपनीच्या ऑफिसात खेटे घालायचे, ट्रॅक्टरवर दुसरी डीपी टाकून आणायची, हे सगळं बारावीपासून तोच करत आलेला. पण त्याच्या लेखी तो पुढाकार नव्हता, गावात राहायचं तर करावं लागणारं काम होतं. शेजारच्या मशीनवर बसलेल्या मुलीने पुण्यात महिनाभराचा क्लास केलेला. कोणत्या विधानाला कोणता गोल द्यायचा ते तिला शिकवूनच पाठवलं होतं, आणि तिने ते भराभर दिलं. तिला दोष कसा देऊ? नोकरी हवी असेल तर कुणीही तेच करील. पण मग या चाचणीने नेमकं काय मोजलं? एकाचा खरेपणा आणि दुसरीची तयारी एकाच पट्टीवर मोजली, आणि खरेपणाला कमी गुण दिले.

चाचण्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. नोकरीसाठी उत्तरं देणारा माणूस स्वतःला जरा उजळ दाखवतो, हे त्यांच्या क्षेत्रात फार आधीपासून मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून एकच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, किंवा दोन चांगल्या गोष्टींतली एकच निवडायला लावतात. हे डावपेचही क्लासवाले शिकवतात, आणि क्लास जळगावला, नाशिकला, पुण्याला आहेत, साक्री-धडगावला नाहीत. प्रश्नही पाहा कसे असतात. घरच्यांना न विचारता मोठे निर्णय घेता का, या धर्तीच्या विधानाला शहरातल्या नोकरदाराच्या घरी एक अर्थ आहे. सात एकर शेती चार भावांत आणि एक विहीर सगळ्यांत असलेल्या घरात दुसरा आहे. तिथे न विचारता निर्णय घेणारा पोरगा बेजबाबदार ठरतो. चाचणी त्याला ‘निर्णयक्षमता कमी’ म्हणते.

त्या मुलाचं नाव पुढच्या यादीत नव्हतं. दोन दिवसांनी त्याचे वडील कॉलेजात आले. भांडायला नव्हते आले, विचारायला आले होते. “मन्हा पोऱ्यानं काय चुकनं, मॅडम?” एवढंच. गणिताच्या पेपरात तो पहिल्या काही मुलांत होता, तो कागद मी त्यांना दाखवला. पुढचा कागद माझ्याकडे नव्हता, कॉलेजकडेही नव्हता. आम्ही कंपनीला ईमेल केला, त्याला उत्तर आलं की निकषांबाबत माहिती देता येत नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या बापाला मी आजवर कितीदा सांगितलं असेल की बघा, इथे कमी पडला, पुन्हा अभ्यास करू द्या. या बापाला मी काय सांगायचं? तुमच्या मुलाचा स्वभाव कमी पडला, एवढंच?

माणसाच्या वागण्यात जागेचा आणि वेळेचा केवढा वाटा असतो, हे वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच मांडलं. एके ठिकाणी गप्प असणारा दुसरीकडे बोलका असतो, आणि एका जागच्या वागण्यावरून दुसऱ्या जागचा अंदाज फारसा बांधता येत नाही. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, त्याच्या विरोधकांनीही सबळ पुरावे आणले, आणि आज बहुतेक अभ्यासक मानतात की स्वभाव आहे, तशी परिस्थितीही आहे. आमच्या खेड्यांत हे उघड दिसतं. रात्रीच्या लाइटीला मोटर सुरू करायला एकटा शेतात जाणारा, पाण्याच्या पाळीवरून चार थोराड माणसांना ऐकवणारा पोरगा एसी खोलीत इंग्रजी बोलणाऱ्या अनोळखी माणसासमोर गप्प बसतो. त्याचा खरा स्वभाव यातला कोणता? मला वाटतं, दोन्ही.

खान्देशाने ही चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. १८१८ साली पेशवाई संपली, खान्देश इंग्रजांच्या हाती गेला, आणि त्यांच्या कागदोपत्री भिल्लांची नोंद जन्मजात लुटारू अशी झाली. त्याआधी हेच भिल्ल कित्येक गावांत जागले होते, राखण त्यांच्याकडे होती आणि तिचे हक्कही. युद्धांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ते हक्क बुडाले, आणि माणसं डोंगरात गेली. इंग्रजांनी सातपुड्यात आणि सातमाळ्यात पलटणी धाडल्या, त्याने काही साधलं नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम या विशीतल्या लेफ्टनंटने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, पगार दिला, बंदूक हाती दिली. कागदावर लुटारू असलेल्या त्याच माणसांनी मग जिल्ह्याचा पहारा आणि बंदोबस्त सांभाळला. आउट्रमला मी थोर ठरवत नाही. राज्य टिकवणं हे त्याचं काम होतं, आणि ही पलटण इतर भिल्लांवरच चालवली गेली, हेही विसरू नये. पण स्वभावाचा शिक्का खोटा होता, हे काम दिल्यावरच कळलं, एवढं त्यातून नक्की दिसतं. आणि पुढे काय झालं? त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातींचा स्वभाव पुन्हा कागदावर लिहिला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं, आणि शिक्का तर त्या जमातींच्या माथी अजूनही आहे. पाच गोलांची चाचणी जात पाहत नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसू इच्छित नाही. पण माणूस कोणत्या परिस्थितीत तसा वागला हे न विचारता त्याच्या नावापुढे स्वभाव लिहून टाकायचा आणि त्याला विचारायची सोय ठेवायची नाही, ही खोड दोन्हीकडे तीच आहे.

इथे कुणी हमखास लष्कराचं उदाहरण काढतो. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या निवडीत, मानसशास्त्रीय चाचण्या होतात, चित्र पाहून गोष्ट लिहायची, शब्द पाहून वाक्य लिहायचं. मग ते चुकीचं का? नाही, चुकीचं नाही. पण ती पद्धत पुरती पाहा. तिथे मानसशास्त्रज्ञ एकटा निर्णय घेत नाही. मैदानावर गटाकडून कामं करून घेणारा अधिकारी वेगळा, मुलाखत घेणारा वेगळा, आणि तिघं मिळून ठरवतात. उमेदवाराला फळ्या-दोर घेऊन अडथळे ओलांडताना पाहिलेलं असतं. एकदा नाकारलेला पुन्हा जाऊ शकतो, आणि पुन्हा जाऊन निवडले गेलेले कित्येक आहेत. नाकारण्याचं कारण तिथेही सांगत नाहीत, ही उणीव आहेच. तरी पाच दिवसांत तीन माणसांनी पारखणं आणि लॅबमध्ये अर्धा तास पाच गोल भरणं, यांना एका नावाने ओळखू नये. स्टेट बँकेच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या, भरतीतही आता मानसमितीय (सायकोमेट्रिक) चाचणी आहे. तिचे निष्कर्ष मुलाखतीच्या मंडळापुढे ठेवले जाऊ शकतात, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. समोर माणूस बसलेला असताना असा कागद समोर आला तर त्यावर निदान प्रश्न तरी होतो, उत्तर तरी होतं. माझा आक्षेप आहे तो माणूस आत यायच्या आधीच कागदाने दार लावून घेण्याला.

आणि भुसावळच्या पोरांना विचारा, ती म्हणतील आम्ही ‘सायको’ देऊन आलो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायला संगणकावरची ही अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. प्रत्येक विभागात किमान ४२ टी-गुण (इतरांच्या तुलनेत काढलेले प्रमाणित गुण) हवेत, आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. त्याबद्दल भुसावळात कुणी गळा काढत नाही, कारण ती काय मोजते ते समजतं: लक्ष किती टिकतं, स्मरण किती, अंतराचा अंदाज किती. गाडी चालवणाऱ्याला हे लागतंच. तू लाजाळू आहेस का, असं ती विचारत नाही. कामाला लागणारी क्षमता मोजणं आणि माणसाचं मन चाचपणं या दोन गोष्टी आपल्या वादात सतत एकमेकींत मिसळल्या जातात. मन चाचपण्याची हौस तर सुरुवातीला आजाराच्या शोधातून आली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली खचणारे सैनिक आधीच ओळखावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थने अमेरिकी सैन्यासाठी प्रश्नावली बनवली. ती वापरात येण्याआधी युद्ध संपलं, आणि त्याच धर्तीच्या प्रश्नावल्या पुढे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरल्या. २००५ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाला एका कंपनीला सांगावं लागलं की बढतीसाठी तुम्ही वापरता ती एमएमपीआय, म्हणजे मानसिक आजार ओळखायला वापरली जाणारी प्रश्नावली, ही वैद्यकीय तपासणी आहे, ती अशी घेता येणार नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. ‘मला वारंवार उदास वाटतं’ या विधानापुढचा गोल कंपनी कशासाठी पाहते, हे विचारायची वेळ आपल्यावरही येणार आहे.

मग पारखायचं कसं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) ठरवताना आमच्याकडे शेतकरी गेल्या साली तो कुणाकडे होता ते विचारतो, त्या माणसाला गाठतो, बैल कसे सांभाळतो, पाणी भरताना झोपतो का, ते काढून घेतो. आणि सालदारही चौकशी करतो: मालक पैसे वेळेवर देतो का, तोंडाचा कसा आहे, घरून भाकरी नीट येते का. सालदारकीत उचल घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या अडकली, त्या पद्धतीचं गुणगान मला करायचं नाही. पण पारख तिथे कामावर होती, आणि दोन्हीकडून होती. आज उमेदवाराचं मन पाच गोलांत ओततात, आणि ज्या साहेबाच्या हाताखाली तो जाणार त्याचा स्वभाव कसा, हे विचारायची त्याला मुभा नाही. अभ्यासकांचा आजचा कलही कामाच्याच बाजूला आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या पद्धतींचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सगळ्यांत वर निघाली ती आखीव मुलाखत, म्हणजे कामाशी निगडित तेच प्रश्न सगळ्यांना विचारायचे आणि गुण कशाला द्यायचे ते आधी ठरवायचं. कामाच्या ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष काम करून दाखवणं हेही स्वभावचाचणीच्या वरच. वशिल्याची भीती असलेल्यांना उत्तर इथे आहे. आखीव मुलाखतीची गुणपत्रिका ठेवता येते, दाखवता येते, तिच्यावर भांडता येतं. मेकॅनिकलच्या मुलाला एक ड्रॉइंग द्या आणि त्यावरून काम करायला सांगा, बीकॉमच्या मुलीला एक बिघडलेली खतावणी द्या. एका दुपारचं काम आहे.

कंपन्या म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे. एका कॉलेजाने हट्ट धरला तर त्या खरोखरच शेजारच्या कॉलेजात जातील, आणि त्या भीतीनेच आमच्यासारखी कॉलेजं गप्प बसतात. म्हणून हे एकट्याने करायचं काम नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. इंजिनीअरिंगची बरीच कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यामुळे दोघांनी मिळून एक पत्रक काढायला हवं: कॅम्पसला येणाऱ्या कंपनीने स्वभावचाचणी घ्यायची असेल तर ती कोणत्या पदासाठी आणि काय पाहायला घेते हे आधी लिहून द्यावं, विद्यार्थ्याला त्याचा पूर्ण अहवाल द्यावा, केवळ त्या अहवालावर कुणाला मुलाखतीपासून रोखू नये, आणि भरती संपल्यावर नाकारलेल्यांची उत्तरं पुसून टाकावीत. यातल्या एकाही अटीला पैसे लागत नाहीत. प्लेसमेंट अधिकाऱ्यांची बैठक दर वर्षी होतेच. पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, असं मी आमच्या कॉलेजातर्फे लेखी कळवलं आहे. इतर कॉलेजांतल्या सहकाऱ्यांनीही कळवावं.